मे महिन्यातच आठवणारी वीजकेंद्रं

दाभोळहून धोपाव्याला जाणाऱ्या फेरीबोटीत उभं राहिलं की खाडीच्या मुखाकडे, अंजनवेलच्या बाजूला तो गॅसवरचा दाभोळ वीजप्रकल्प दिसतो. नाव दाभोळचं, जागा मात्र खाडीपलीकडच्या गुहागर तालुक्यातली. एकदा ऐन मे महिन्यात शेजारी उभ्या असलेल्या एका काकांनी विचारलं, "काय हो, एन्रॉन चालू आहे की बंद?" तो उभारणाऱ्या एन्रॉन या अमेरिकी कंपनीचं दिवाळं २००१ मध्येच वाजलं, प्रकल्पाची मालकी आणि नाव बदललं, तरी कोकणात तो अजून एन्रॉनच आहे. "बंद असावा," मी म्हटलं. त्यावर ते म्हणाले, "मग पेपरात येतं ते काय, सरकारनं गॅसची केंद्रं चालवायला सांगितली म्हणून?"

त्यांचा गोंधळ रास्त होता. २०२४ च्या उन्हाळ्यात केंद्र सरकारनं वीज कायद्यातलं कलम ११ वापरलं आणि गॅसवरच्या केंद्रांना १ मे ते ३० जून या काळात तयार राहायचा आदेश दिला. २०२५ च्या उन्हाळ्यातही तसाच आदेश निघाला. दुसरीकडे, याच केंद्रांबद्दल "हजारो कोटींची यंत्रं धूळ खात पडली आहेत" अशा बातम्याही येतात. देशात २०२४ पर्यंत गॅसवरच्या केंद्रांची क्षमता सुमारे २५,००० मेगावॉट होती आणि त्यांचा भारांक १४-१५ टक्क्यांच्या आसपास. भारांक म्हणजे यंत्र वर्षभर पूर्ण ताकदीनं चाललं असतं तर जितकी वीज निघाली असती, त्यातली प्रत्यक्षात किती निघाली ते प्रमाण. शंभरातली पंच्याऐंशी वीज निघालीच नाही.

निरुपयोगी म्हणावं तर सरकार आदेश काढून का चालवतं? आणि उपयोगी म्हणावं तर उरलेले दहा महिने कुणी विचारत का नाही?

चूल आणि शेगडी

विजेचा एक त्रास असा, की ती साठवून ठेवणं महाग पडतं. ज्या क्षणी तुम्ही पंखा लावता त्या क्षणी कुठेतरी तेवढी वीज तयार व्हावी लागते. हा मेळ सतत बसवणाऱ्या कार्यालयाला भार प्रेषण केंद्र म्हणतात. महाराष्ट्राचं ते ऐरोलीला आहे. तिथली मंडळी दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्यात कोणत्या केंद्रानं किती वीज द्यायची ते ठरवतात.

यातली कोळशाची केंद्रं चुलीसारखी. पेटवायला वेळ लागतो, एकदा पेटली की दिवसभर धगधगत ठेवायची. पूर्ण थंड पडलेला कोळशाचा संच पुन्हा सुरू करायला दहा-बारा तास सहज जातात. चालू असतानाही तो एका मर्यादेच्या खाली आणता येत नाही. सध्या ही मर्यादा साधारण ५५ टक्के धरतात. म्हणून दुपारी नको झाला तरी तो अर्ध्या आचेवर जळतच राहतो.

गॅसचं यंत्र शेगडीसारखं आहे. विमानाच्या इंजिनाचा थोरला भाऊ म्हणा. हवा दाबायची, तिच्यात गॅस जाळायचा आणि त्या तापलेल्या झोतानं टर्बाइनची पाती फिरवायची. मधे बॉयलर नाही, कोळशाची भुकटी नाही, राख नाही. बटण दाबल्यापासून पंधरा-वीस मिनिटांत ते पूर्ण भार उचलू शकतं.

वैलावरची आमटी

जुन्या घरातली चूल ज्यांनी पाहिली आहे त्यांना वैल माहीत असेल. मुख्य चुलीतून पुढे जाणाऱ्या जाळावर बाजूला दुसरं भांडं ठेवायची ती जागा. चुलीवर भाकऱ्या आणि वैलावर आमटी, लाकडं तेवढीच.

चांगल्या गॅस केंद्रात नेमकं हेच करतात. टर्बाइनमधून बाहेर पडणारा वायू ५०० अंशांहून जास्त गरम असतो. तो तसाच धुराड्यातून सोडला तर निम्म्याहून जास्त उष्णता वाया जाते. म्हणून त्या उष्णतेवर पाण्याची वाफ करून दुसरं टर्बाइन फिरवतात. याला संयुक्त चक्र म्हणतात. उरणचं महानिर्मितीचं केंद्र पाहा: १०८ मेगावॉटचे चार गॅस संच, म्हणजे ४३२ मेगावॉट, आणि त्यांच्याच टाकाऊ उष्णतेवर चालणारे १२० चे दोन वाफेचे संच. एकूण ६७२. वरचे २४० मेगावॉट जादा गॅस न जाळता मिळतात.

नुसतं गॅस टर्बाइन चालवलं तर इंधनातल्या उष्णतेपैकी ३५ टक्क्यांच्या आसपास विजेत उतरते. वैल जोडला की ५० टक्के, नव्या यंत्रांत ६० टक्क्यांपर्यंत. पण यात एक गोम आहे आणि ती सहसा कुणी सांगत नाही. वैल तापायला वेळ लागतो. पंधरा मिनिटांत वीज हवी असेल तर ती नुसत्या शेगडीची, म्हणजे महागडी मिळते. स्वस्त हवी असेल तर वाफ होईपर्यंत थांबायचं, आणि मग यंत्र काही तास तरी बंद करायचं नाही. गॅस केंद्र "झटपट आणि किफायतशीर" असतं असं छापून येतं ते अर्धंच खरं. दोन्ही गुण त्यात आहेत, पण एकाच वेळी नाहीत.

रांगेत शेवटचा नंबर

आता बंद का, त्याचा हिशेब. भार प्रेषण केंद्र वीज घेताना स्वस्त ते महाग अशी रांग लावतं. वीज खात्यात या रांगेला मेरिट ऑर्डर म्हणतात. रांग लावताना फक्त इंधनाचा खर्च बघतात, कारण बांधकामाचे हप्ते, पगार वगैरे स्थिर आकार तर करारानुसार वीज घेतली काय, न घेतली काय, द्यावाच लागतो.

सौर विजेला इंधनखर्च नाही. विदर्भातल्या खाणींजवळच्या कोळशाचा तो माफक असतो. गॅसचा किती, ते घरच्या घरी मांडता येतं. गॅसची किंमत एमएमबीटीयू या उष्णतेच्या मापावर डॉलरमध्ये ठरते. निम्मी उष्णता विजेत उतरली असं धरलं तर एका एमएमबीटीयूत साधारण १४६ युनिट वीज निघते. डॉलर ८५ रुपयांचा धरू. देशी गॅस साडेसहा डॉलरनं मिळाला तर युनिटमागे पावणेचार रुपयांचं इंधन लागतं. जहाजातून द्रवरूपात आलेला गॅस बारा डॉलरचा असेल तर सात रुपये. वर तो पुन्हा वायुरूपात आणायचा खर्च, नळाचं भाडं आणि कर. यंत्रं जुनी असतील तर आणखी.

२०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्धानंतर आशियाच्या बाजारात हाच गॅस काही काळ ५० डॉलरच्या वर गेला होता. वरच्याच हिशेबानं युनिटचं नुसतं इंधन २९ रुपयांचं. त्या वर्षी जुलैत बांगलादेशनं खुल्या बाजारातला गॅस घेणंच थांबवलं आणि देशभर भारनियमन जाहीर केलं. तिथली निम्म्याहून अधिक वीज गॅसवर होती. आपल्याकडे शेगडी विझली तर चूल होती, त्यांच्याकडे घरात शेगडीच.

भारताच्या वीज बाजारात रोजच्या व्यवहाराला युनिटमागे १० रुपयांची कमाल मर्यादा आहे. त्याहून महाग पडणारी गॅसची वीज तिथे विकताच येत नाही. म्हणून मार्च २०२३ मध्ये महागड्या विजेसाठी बाजारात वेगळी खिडकी उघडावी लागली. कलम ११ चा आदेशही त्याच दुखण्यावरचा उपाय आहे. "गॅस महाग असला तरी आणा, यंत्र तयार ठेवा, खर्च भरून मिळेल," एवढाच त्याचा मथितार्थ.

स्वस्त गॅस गेला कुठे?

उरणचं केंद्र १९८० च्या दशकात उभं राहिलं तेव्हा चित्र उलटं होतं. १९७४ मध्ये बॉम्बे हायला तेल लागलं होतं आणि तेलाबरोबर वर येणारा गॅस जाळून टाकावा लागत होता. तो किनाऱ्यावर उरणलाच आणला जात होता. आयता गॅस, शेजारी मुंबई, त्यामुळे तिथे केंद्र बांधणं शहाणपणाचंच होतं.

पुढे कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या समुद्रातल्या गॅसची मोठी आशा लागली. एप्रिल २००९ मध्ये उत्पादन सुरू झालं आणि त्या भरवशावर देशभर नवी केंद्रं उभी राहिली. दोनेक वर्षांतच उत्पादन कोसळू लागलं आणि मार्च २०१३ पासून वीजकेंद्रांना तिथला थेंबही मिळेना. गॅसला थेंब म्हणणं चुकीचंच, पण रिकाम्या नळाचं दुःख तेच.

जो देशी गॅस उरतो त्याच्यावर आधीच हक्क सांगणारे आहेत: तुमच्या स्वयंपाकघरातला नळाचा गॅस, रिक्षाचा सीएनजी, खताचे कारखाने. स्वस्त गॅस आधी यांना वाटला जातो आणि वीजकेंद्रांचा नंबर मागे लागतो. मला स्वतःला हे योग्य वाटतं. रिक्षा कोळशावर चालत नाही. वीज तयार करायला दुसरे दहा मार्ग आहेत. पण याचा अर्थ असा, की गॅस केंद्रांच्या नशिबी मुख्यतः जहाजातून येणारा गॅस. भारत आपल्या गरजेचा जवळपास निम्मा गॅस बाहेरून आणतो, त्यात कतारचा वाटा सर्वांत मोठा, आणि कतारचं प्रत्येक जहाज होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून येतं.

"पण एन्रॉननं महाराष्ट्राला बुडवलंच होतं ना?"

गॅस म्हटलं की मराठी माणसाला हेच आठवतं, आणि त्यात चूक नाही. १९९३ च्या करारात वीज मंडळानं मान्य केलं होतं, की प्रकल्प चालायला तयार असेल तर मंडळ वीज घेवो वा न घेवो, स्थिर आकार देणार. तोही डॉलरशी बांधलेला. मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला तेव्हा गॅस नव्हताच. तो नाफ्थ्यावर, म्हणजे पेट्रोलच्या जवळच्या भावकीतल्या इंधनावर चालला. तेल महागलं, रुपया घसरला, मंडळाचं कंबरडं मोडलं आणि मे २००१ मध्ये मंडळानं वीज घेणं थांबवलं. माधव गोडबोले समितीनं त्याच वर्षी या व्यवहारावर कडक ताशेरे ओढले.

पण बारकाईनं बघितलं तर तिथे गॅस जाळला म्हणून मंडळ बुडालं नाही. चुकलं ते असं, की शेगडी विकत घेतली आणि ती चुलीसारखी रात्रंदिवस चालवायची असा करार केला. गरज संध्याकाळच्या काही तासांची, आणि बांधून घेतलं वर्षाचे बारा महिने. शेगडीही दोन हजार मेगावॉटहून मोठी, तेव्हाच्या राज्याच्या खिशाला न पेलणारी.

२००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांनी रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नावानं प्रकल्प हाती घेतला. कृष्णा-गोदावरीच्या गॅसवर तो काही वर्षं चालला, २०१३ मध्ये थांबला. २०१५ च्या अखेरीपासून काही वर्षं रेल्वेनं ५०० मेगावॉट वीज घेतली म्हणून तग धरून राहिला. आपल्या लोकलनं तेव्हा बहुधा अंजनवेलची वीज खाल्ली असेल, कुणाला ठाऊक! शेजारीच द्रवरूप गॅस उतरवायचं बंदर आहे, पण लाटा अडवणारा बांध कित्येक वर्षं अपुरा राहिल्यानं पावसाळ्यात जहाजं लागत नव्हती. म्हणजे गॅसचं कोठार दाराशी आणि चार महिने कुलूप.

संध्याकाळचे सात

आता मे महिना का, ते पाहू. ३० मे २०२४ ला देशाची विजेची मागणी २५० गिगावॉटवर, म्हणजे अडीच लाख मेगावॉटवर पोचली. तो तोवरचा उच्चांक होता, आणि तो दुपारी निभावला, कारण ऊन होतं. देशातली सौर क्षमता आता एक लाख मेगावॉट ओलांडून गेली आहे. अडचण दुपारी येतच नाही. संध्याकाळी सातच्या सुमारास ही सगळी सौर वीज जवळपास शून्यावर आलेली असते, आणि त्याच वेळी लोक घरी येऊन एसी लावतात. दुपारी अर्ध्या आचेवर ठेवलेल्या चुली फुंकायला घेतल्या तरी इतक्या झटक्यात पेटत नाहीत.

महाराष्ट्रात हा खड्डा आजवर कोयनेनं भरला. जलविद्युत संच गॅसपेक्षाही चपळ असतात, काही मिनिटांत चालू होतात, आणि कोयनेची क्षमता सुमारे १,९६० मेगावॉट आहे. पण पाणी मोजून मिळतं. कृष्णा पाणीवाटप लवादानं वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायची मर्यादा वर्षाला ६७.५ टीएमसी ठरवून दिली आहे आणि हे वर्ष १ जूनला सुरू होऊन ३१ मेला संपतं. म्हणजे कोयनेच्या पाण्याचा महिनाअखेर आणि उन्हाळ्याचा कहर नेमका एकाच वेळी येतो. पगार संपत आलेला आणि घरी पाहुणे! अशा दिवसांत गॅसची महाग वीजसुद्धा उधारीच्या किराण्यासारखी उपयोगी पडते. रोज कुणी उधार घेत नाही, पण दुकान उघडं असावं लागतं.

म्हणून वर सांगितलेला पंधरा टक्के भारांक मला फारसा खटकत नाही. अग्निशमन दलाचा बंब दिवसातून किती तास धावला यावरून आपण त्याला जोखत नाही. मात्र बंब चालू स्थितीत आहे का, टाकीत पाणी आहे का, हे विचारावंच लागतं. आपली बरीच गॅस केंद्रं याच परीक्षेत नापास होतात: गॅसचा करार नाही, यंत्रं वर्षानुवर्षं न फिरवता ठेवलेली. त्यांना बंब म्हणता येत नाही, ते भंगार आहे.

केंद्र कुठे उभं आहे, याचीही किंमत असते

१२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ मुंबईकरांना आठवत असेल. दहाच्या सुमारास शहरात आणि आसपास लाइट गेली, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. करोनाच्या दिवसांत रुग्णालयं जनित्रांवर गेली. राज्यात वीज नव्हती असं नाही. कळवा परिसरात येणाऱ्या उच्चदाब वाहिन्या एकामागून एक बंद पडल्या आणि बाहेरची वीज आत यायचा रस्ताच तुटला.

सोसायटीचं उदाहरण घ्या. पालिकेचा नळ कितीही मोठा असो, रस्त्यात पाइप फुटला की गच्चीवरच्या टाकीत जे असेल तेच पाणी. मुंबईची कमाल मागणी आता ४,००० मेगावॉटच्या पुढे जाते आणि त्यातली बरीच वीज मोजक्या वाहिन्यांवरून आत येते. ट्रॉम्बे, डहाणू आणि टाटांची घाटातली जलविद्युत केंद्रं ही मुंबईची गच्चीवरची टाकी. बाहेर काही बिघडलं तर शहरानं ग्रिडपासून सुटून या केंद्रांवर तगून राहायचं, अशी व्यवस्था पूर्वीपासून आहे. तिला बेटीकरण म्हणता येईल. त्या दिवशी ते बेट टिकलं नाही.

त्यानंतर २०२३ मध्ये खारघर ते विक्रोळी अशी नवी ४०० केव्हीची वाहिनी सुरू झाली, म्हणजे आणखी एक मोठा नळ आला. तरी टाकी लागतेच. शहराच्या पोटात कोळशाचं नवं केंद्र आज कुणी बांधू देणार नाही, आणि देऊही नये. धरणं हवी तिथे हलवता येत नाहीत. गॅस केंद्राला जागा कमी लागते, राखेचा डोंगर होत नाही. म्हणून ट्रॉम्बेचा १८० मेगावॉटचा गॅस संच किंवा उरणचे संच यांचा मान नुसत्या युनिटच्या दरावर ठरवता येत नाही. तेच यंत्र चंद्रपूरला असतं तर मी ते बंद करा म्हटलं असतं.

"गॅस म्हणजे स्वच्छ, हे खरं आहे का?"

कोळशापेक्षा स्वच्छ, एवढंच म्हणावं. एका युनिटमागे कोळशाचं केंद्र साधारण ९०० ग्रॅम किंवा त्याहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतं. संयुक्त चक्राचं गॅस केंद्र ३५० ते ४००. राख नाही, गंधकाचा धूर जवळपास नाही. कोराडी किंवा चंद्रपूरजवळ राहणाऱ्यांना या वाक्याचं मोल वेगळं सांगायला नको.

पण नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि न जळता हवेत सुटलेला मिथेन वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींच्या आसपास उष्णता धरून ठेवतो. विहिरीपासून जहाजापर्यंत आणि नळापासून केंद्रापर्यंत गळती जास्त असेल तर कोळशावरची आघाडी बरीचशी गळूनच जाते. त्यामुळे कोळशाऐवजी चोवीस तास गॅस, हा सल्ला पर्यावरणाच्या नावानंही पटत नाही आणि खिशाच्याही.

"बॅटऱ्या आल्यावर याची गरज काय?"

हा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. २०२२ मध्ये देशातल्या पहिल्या मोठ्या लिलावात दोन तास पुरणाऱ्या बॅटरीचं भाडं मेगावॉटमागे महिन्याला पावणेअकरा लाखांच्या आसपास निघालं होतं. २०२५ मध्ये सरकारी अनुदानासह बोली दोन लाखांच्या आसपास आल्या. दुपारचं ऊन साठवून संध्याकाळी सात ते नऊ वापरायचं काम बॅटरी गॅसपेक्षा चांगलं करते: इंधन नाही, होर्मुझ नाही, आणि सुरू व्हायला एक सेकंदही लागत नाही. घाटघरच्या २५० मेगावॉटच्या प्रकल्पासारखं, पाणी वर चढवून पुन्हा खाली सोडणारं साठवणही आहेच. नवं गॅस केंद्र बांधू का, असं आज कुणी विचारलं तर माझं उत्तर नाही असंच असेल.

बॅटरीची मर्यादा तासांची आहे. ती भरण्यासाठी आधी जादा वीज लागते. पावसाळ्यात सलग पाच-सहा दिवस आभाळ भरून राहिलं किंवा एखादा मोठा कोळसा संच आठवडाभर बंद पडला, तर दोन तासांची बॅटरी पहिल्याच संध्याकाळी रिकामी होते. शेगडीला सिलिंडर मिळत राहिला तर ती आठवडाभर जळते.

राहतो प्रश्न पैशाचा. ब्रिटनमध्ये २०१४ पासून तयार राहण्याचाच लिलाव होतो: चार वर्षांनंतरच्या हिवाळ्यात, हाक मारल्यावर किती मेगावॉट हजर राहाल आणि त्यासाठी वर्षाला किती घ्याल. हाकेला आला नाहीत तर दंड. आपल्याकडे मात्र तयारीचे पैसे स्थिर आकारात मुरलेले असतात आणि महाग इंधनाचा फटका काही महिन्यांनी घरच्या बिलात "इंधन समायोजन आकार" या ओळीत उगवतो. त्यातले किती पैसे वीज जाळल्याचे आणि किती वीज जाऊ न दिल्याचे, हे त्या ओळीवरून कळायला काही मार्ग नाही.

फेरीबोटीतल्या काकांना यातलं एवढं सगळं सांगायला वेळ नव्हता. धोपाव्याचा धक्का येईपर्यंत मी उरणच्या चार अधिक दोन संचांपर्यंतच पोचलो होतो. गाड्या उतरायला लागल्या तसं ते म्हणाले, "म्हणजे आमच्यापेक्षा तो उरणवालाच बरा," आणि स्कूटरला किक मारून गुहागरच्या रस्त्याला लागले.